पानदानात कप्पे किती होते?

आमच्या शाळेच्या कपाटावर शाडूची एक पेटी ठेवली आहे. वीतभर लांब, चार बोटं उंच, सहाही बाजूंनी बंद. एका बाजूला करंगळीच्या पेराएवढं कुलूप. ही पेटी बघितली की गेल्या नोव्हेंबरातली पुण्याची सहल आठवते आणि हातातलं काम थांबतं. म्हणून लिहायला बसले.

मी निवासी अंधशाळेत विशेष शिक्षिका आहे. त्या दिवशी आम्ही बारा मुलं नेली होती, आठ पूर्ण अंध आणि चार अल्पदृष्टी. बरोबर सहा मोठी माणसं, कारण दोन मुलांमागे एक माणूस हा आमचा नियम. तो मोडला की सहलीची वरात होते. सकाळी एम्प्रेस गार्डन, दुपारी एक संग्रहालय आणि शेवटी मातीकामाचा वर्ग, असा बेत होता. संग्रहालयाचं नाव मुद्दाम देत नाही.

नव्या स्वयंसेवकांना मी पहिली दहा मिनिटं फक्त चालायला शिकवते. मूल मोठ्या माणसाचा हात कोपराच्या वर धरतं, लहान असेल तर मनगट, आणि अर्धं पाऊल मागे चालतं. आपला दंड वळला की त्याला वळण कळतं, आपण खाली उतरलो की पायरी कळते. आपण मुलाला धरायचं नसतं. तरी दर वेळी कुणीतरी मुलाच्या खांद्याला धरून त्याला हातगाडीसारखं पुढे ढकलतंच. माया असते, पण मुलाला त्यातून फक्त धक्के मिळतात.

बागेचं मला फार सांगायचं नाही, ती छान झाली. एम्प्रेस गार्डन ३९ एकरांची आहे, रेसकोर्सजवळ. मोठमोठी जुनी झाडं आणि त्यांवर चढलेल्या जाडजूड वेली हा तिथला खरा ठेवा. आमच्या मुलांना ताटव्यांपेक्षा खोडं जास्त देतात. मात्र मुलं यायच्या तासभर आधी एकाने जाऊन प्रत्येक खोड बघून यावं लागतं, लाल मुंग्या आणि सुरवंट नाहीत ना म्हणून. चाफ्याचा चीक आणि कण्हेर हाताला लागू द्यायचे नाहीत, कारण तोच हात डोळ्यांकडे जातो. वासाची पानं मी पिशवीत घरूनच नेते आणि सहाच्या वर कधी नेत नाही. त्याहून जास्त झाले की नाक दमतं आणि मुलं अंदाज ठोकायला लागतात. क्रमही ठरलेला: तुळस, मरवा, गवती चहा, कढीपत्ता, मग लिंबाचं पान आणि निलगिरी सगळ्यांत शेवटी. निलगिरी आधी दिली तर पुढचं सगळं निलगिरीच लागतं. त्या दिवशी बुचाची फुलंही वेचून नेली होती. बुचाच्या फुलाचा लांब नळीसारखा देठ मुलांनी दोन बोटांत फिरवत ठेवला तो जेवणापर्यंत.

संग्रहालयाला मी तीन आठवडे आधी पत्र दिलं होतं. सोबत आठ वस्तूंची यादी, हात लावायला मिळाव्यात म्हणून. ही यादी मी विचार करून करते. कापड, कागद, रंगवलेलं लाकूड, हस्तिदंत कधीच मागत नाही. घामातलं मीठ आणि त्वचेवरचं तेल धातूवर बसतं आणि काही काळाने तिथे बोटांचे डाग उमटतात, हे मला माहीत आहे आणि संग्रहालयवाल्यांची काळजी खोटी नाही. म्हणून मागते ते दगड: जातं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड), तोफेचा गोळा. एखादी पितळी घंटा मागितली तर पातळ नायट्रिलचे हातमोजे आम्हीच नेतो. सुती हातमोज्यात निम्मा स्पर्श हरवतो. अंगठ्या, घड्याळं, बांगड्या काढून, हात धुऊन, पुसून, एका वेळी एकच मूल. आधी दोन्ही तळव्यांनी पूर्ण वस्तूचा आवाका घ्यायचा, मग कडा, आणि नक्षी शेवटी बोटांच्या टोकांनी. दोन मिनिटं पुरतात. त्या दोन मिनिटांत आपण बोलायचं नाही, कारण हात वाचत असतात.

फोनवर "या, बघू" असं उत्तर मिळालं होतं. ज्यांनी ते दिलं ते साहेब त्या दिवशी रजेवर होते आणि पत्र कुणालाच सापडलं नाही. दारावरच्या काकांनी हात जोडले, "बाई, लेखी काही नाही, उद्या मला विचारतील." त्यांना मी दोष देणार नाही. नोकरी त्यांची जाते, साहेबांची नाही. राग आला तो अंगणात. तिथे वीरगळ उघड्यावर उभे होते, कित्येक पावसाळे झेललेले, त्यातल्या एका दगडाला टेकून एक कुटुंब डबा खात होतं, आणि आमच्या मुलांना त्यालाही हात लावायचा नव्हता. नियम वस्तू जपायला असतो. पावसात सोडलेल्या दगडापाशी तो कुणाला जपत होता?

आत गाइड दिला होता, चांगला बोलणारा मुलगा. पण तो पाट्या वाचत होता. शतक, राजवट, सापडल्याचं ठिकाण, सेंटिमीटर. मधूनच "ही सुंदर नक्षी पाहा". अशा दालनात मुलांच्या हाती आवाजाचा घुमारा तेवढा लागतो. पंधरा मिनिटांत तिघं खाली बसली, दोघी एकमेकींच्या वेण्या घालू लागल्या.

एक मुलगा मात्र कामात होता. अकरा वर्षांचा, पाचवीतला, जन्मापासून पूर्ण अंध. काचेच्या पेटीला हात लावायला बंदी आहे असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणून तो ती बघत होता. दोन्ही तळवे सपाट लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. कोपऱ्यात अॅल्युमिनियमची पट्टी लागली, ती वरपासून खालपर्यंत तपासली. पट्टी आणि काच यांच्यामधली सिलिकॉनची रबरासारखी रेघ नखाने चाचपली. वर हात नेला तर काच कोमट लागली, आतल्या ट्यूबमुळे. ती कुठून कुठपर्यंत कोमट आहे ते त्याने मोजून घेतलं, साडेतीन विती. मग कुलूप सापडलं.

"बाई, आत काय आहे?"

"पानदान आहे. पितळेचं."

"मोठं?"

"आपल्या डब्याएवढं."

तो पुढच्या पेटीकडे गेला आणि तेच सगळं पुन्हा केलं. अशा चार पेट्या झाल्या.

मातीचा वर्ग चारला सुरू झाला. शाडू आदल्या दिवशी भिजवून ओल्या गोणपाटात ठेवायला सांगितली होती, माणशी अर्धा किलो. आमच्या मुलांना पाटावर माती देऊन चालत नाही. कडेवरून ती खाली जाते आणि मूल निम्मा वेळ ती शोधत बसतं. काठाचं स्टीलचं ताट द्यायचं, उजव्या हाताला पाण्याची वाटी आणि ती ओल्या फडक्यावर ठेवायची म्हणजे सरकत नाही. जागा आधी सांगायच्या: घड्याळाच्या तीनवर पाणी, नऊवर काटा, बारावर लाटणं. जोड द्यायचा असेल तर दोन्ही बाजूंना काट्याने ओरखडे काढून मध्ये पातळ माती लावायची आणि हलवून दाबायचं. नुसतं चिकटवलं की वाळताना पाय गळतात, कान गळतात. हत्तीचे तर हमखास.

"आज जे पाहिलं त्यातलं काहीही करा," एवढंच सांगितलं होतं. ('पाहिलं' हा शब्द आम्ही बिनदिक्कत वापरतो, मुलंही वापरतात.) कुणी वडाच्या पारंब्या वळल्या, कुणी बुचाचं फूल केलं, एकीने बसचं सीट केलं त्याच्या फाटलेल्या रेक्झिनसकट. हा मुलगा माती लाटत होता. सहा तुकडे लाटले, बोटांनी मापून कडा कापल्या, चार भिंती उभ्या केल्या, तळ लावला, झाकण लावलं. मग पाण्यात बोट बुडवून घासायला बसला. वीस मिनिटं घासत होता. बोट कुठेही अडकलं की पुन्हा पाणी.

वर्ग घेणाऱ्या सरांना ते बघवेना. त्यांनी मागून येऊन त्याचे दोन्ही हात धरले, "असं ठोकळ्यासारखं काय करतोस, चल, आपण छान हत्ती करू," आणि त्याच्या बोटांनी सोंड ओढायला लागले. मी त्यांना थांबवलं, आवाज जरा चढलाच. मुलाचा हात आपल्या हातात धरून आकार करू नये. त्याच्या हातात त्या वेळी माती नसते, आपला जोर असतो. दाखवायचंच तर आपला हात खाली, त्याचा वर. तो आपल्या हालचालीवर हात ठेवून हवं तेवढं घेतो, नको तेव्हा हात उचलतो. एवढी एक गोष्ट कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणात आली तर किती मुलांचे हत्ती वाचतील.

"काय केलंस रे?" मी विचारलं.

"म्युझियम."

मी पेटीवर हात फिरवला. काचेसारखी गुळगुळीत. कुलूप बरोबर उजव्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर, खऱ्या पेटीला होतं तिथेच.

"आणि आत?"

"ते मला कुठे माहितेय? तुम्ही म्हणालात पानदान."

बंद पोकळ वस्तू नीट वाळत नाही. बाहेरून आखडते, आत ओल राहते आणि सांध्याला तडा जातो. म्हणून तळाला दाभणाने एक भोक पाडायचं असतं. मी तसं सुचवलं. तो म्हणाला, "त्या पेटीला भोक नव्हतं." मी पाडलं नाही. तिसऱ्या दिवशी झाकणाच्या सांध्याला केसाएवढी चीर गेली. वाळलेल्या मातीवर ओली माती धरत नाही, ती अजून तशीच आहे.

त्यानंतर मी संग्रहालयाला पुन्हा पत्र लिहिलं. त्यात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २९वं कलम आहे, कला दिव्यांगांना सुगम करण्याबद्दलचं. इटलीतल्या अँकोना इथल्या ओमेरो संग्रहालयाचं उदाहरण आहे. अल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या खटपटीतून ते १९९३ साली उभं राहिलं आणि तिथे पुतळ्यांच्या प्रतिकृती हातांनीच पाहायच्या असतात. आपल्याकडेही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' नावाचं स्पर्शदालन झालं आहे. मी काही अख्खं दालन मागत नाही. एका टेबलावर पाच प्रतिकृती आणि टेबलाजवळ एक माणूस, एवढंच.

ते होईल तेव्हा होईल, पण आपल्या हातात एक सोपी गोष्ट आहे. दिनकर केळकरांनी शुक्रवार पेठेतल्या संग्रहालयात जे जमवलं ते बरंचसं घरातलंच आहे: अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, दिवे, पानदानं. अशा वस्तूंची भावंडं अजून बाहेर मिळतात, तांबट आळीत, तुळशीबागेत, बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात. कुठल्याही संग्रहालयात जायच्या आधी स्वतः एकदा जाऊन पेट्यांत काय आहे ते बघायचं, त्यातल्या पाच-सहा वस्तूंची भावंडं मिळवायची आणि मुलांच्या हातात आधीच द्यायची. मग गाइडने "अडकित्ता" म्हटलं की मुलाच्या हाताला त्याचा दांडा आठवतो. हे मी त्या सहलीआधी करायला हवं होतं. आता जुन्या बाजारातून एक पितळी पानदान आणलं आहे, चिंचेने घासून.

त्याला दिलं तेव्हा त्याने आधी वजन घेतलं, मग झाकण तीनदा उघडमीट केलं, मग आतल्या वाट्या मोजल्या. चुन्याची, काताची, सुपारीची, लवंगांची, वेलदोड्यांची. पाच, आणि मध्ये एक रिकामी.

"बाई, त्या पेटीतल्या पानदानात किती होते?"

मी त्या पेटीसमोर चांगली पाच मिनिटं उभी होते. पाटीवर शतक होतं, धातू होता, उंची होती. वाट्यांचा आकडा नव्हता, आणि मीही मोजल्या नव्हत्या. तिथे फोन केला तर "बघून सांगतो" म्हणाले. येत्या रविवारी स्वतः जाते आहे. वाट्या मोजायच्या आहेत, आणि झाकण बिजागरीचं आहे की नुसतं उचलायचं, तेही त्याने बघून यायला सांगितलं आहे.