हॉटेलचं बिल, पाचपट पॉइंट आणि चार आकडी कोड

लॉजिंग-बोर्डिंगची पाटी असलेल्या हॉटेलात चौघं जेवले, बिल झालं १,८०० रुपये, ते क्रेडिट कार्डाने भरलं. कार्डाच्या माहितीपत्रकात ‘डायनिंगवर पाचपट पॉइंट’ असं ठळक लिहिलेलं. स्टेटमेंट आलं तर जमा झालेत साधेच पॉइंट. अशा वेळी बहुतेक जण बँकेला फोन लावतात, आणि बहुतेक वेळा बँकेचं म्हणणं नियमाला धरून असतं. आपल्याकडे हॉटेल म्हणजे जेवायची जागा. कार्डाच्या व्यवस्थेत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, कोड ७०११. उपाहारगृहाचा कोड ५८१२ आणि फास्ट फूडचा ५८१४. खाली खाणावळ, वर खोल्या अशा ठिकाणी मशीन घेताना धंदा ‘लॉजिंग’ म्हणून नोंदला गेला असेल, तर तुम्ही फक्त थाळी खाल्ली तरी व्यवहार मुक्कामाचाच होतो.

या चार आकडी क्रमांकाला मर्चंट कॅटेगरी कोड, थोडक्यात एमसीसी म्हणतात. बोनस कॅटेगरीचा, म्हणजे जादा पॉइंट देणाऱ्या खर्चाच्या वर्गांचा, सगळा डोलारा याच्यावर उभा आहे. तुम्ही काय विकत घेतलं हे बँकेला दिसतच नाही. दिसते ती रक्कम, दुकानाचं नाव आणि हा कोड. तो ठरवते दुकानदाराला मशीन किंवा ऑनलाइन पेमेंटची सोय पुरवणारी बँक. तुमचं कार्ड ज्या बँकेचं आहे ती फक्त आलेला कोड वाचते. म्हणून एकाच दुकानात दोन बँकांची दोन मशिनं असली की दोघांचे कोड वेगळे असू शकतात.

काही ठिकाणी हे हमखास नडतं. किराणा-सुपरमार्केटचा कोड ५४११. पण दूध-दह्याच्या दुकानाचा ५४५१, बेकरीचा ५४६२, मिठाईचा ५४४१. महिन्याच्या सामानातला मोठा भाग या छोट्या दुकानांतून येत असेल आणि कार्ड फक्त ५४११ला किराणा मानत असेल, तर तो खर्च बोनसबाहेर गेला. औषधांचंही तसंच. मेडिकलच्या दुकानाचा कोड ५९१२, पण रुग्णालयाच्या आतल्या औषध काउंटरवरचं मशीन रुग्णालयाच्या नावावर असेल तर कोड ८०६२.

आता आकडेमोड. समजा, एका कार्डावर दर १५० रुपयांना २ पॉइंट मिळतात आणि किराणा-डायनिंगवर पाचपट, म्हणजे १०. या १० पॉइंटमध्ये २ मूळ आणि ८ बोनस असतात. हे दोन भाग वेगळे धरणं फार गरजेचं आहे, कारण मर्यादा सहसा फक्त बोनसच्या भागावर असते, आणि बऱ्याच कार्डांवर तो जमाही उशिरा होतो. मूळ पॉइंट लगेच दिसतात, बोनस पुढच्या स्टेटमेंटला किंवा त्याही नंतर. वरच्या १,८०० रुपयांत १५०चे १२ टप्पे बसतात. कोड ५८१२ असता तर १२० पॉइंट मिळाले असते, ७०११मुळे मिळाले २४.

टप्पा हा शब्द लक्षात ठेवा. दर १५० रुपयांना, याचा अर्थ पूर्ण १५०ला. १४९ रुपयांच्या बिलावर शून्य. २९० रुपयांच्या बिलात एकच टप्पा बसतो, उरलेले १४० वाया. आठवड्यात २९० रुपयांची पाच बिलं केली तर मिळतात ५० पॉइंट. तेच १,४५० रुपयांचं सामान एका बिलात घेतलं तर नऊ टप्पे, ९० पॉइंट. खर्च तोच, पॉइंट जवळजवळ दुप्पट. काही कार्डं टप्पे प्रत्येक व्यवहारावर मोजतात, काही महिन्याच्या एकूण खर्चावर. तुमचं कार्ड कुठल्या गटातलं, हे नियम-अटींमध्ये ‘प्रति व्यवहार’ असे शब्द आहेत का ते पाहून कळतं. प्रति व्यवहार असेल तर छोटी बिलं युपीआयने बँक खात्यातून द्या आणि मोठी कार्डावर घ्या.

मग येते मर्यादा. आपल्या उदाहरणात बोनस पॉइंटची कमाल मर्यादा एका स्टेटमेंटला ८०० आहे असं धरू. दर टप्प्याला ८ बोनस, म्हणजे १०० टप्पे, म्हणजे १५,००० रुपये. त्यापुढचा रुपया साध्या दराने. किराणा आणि जेवण मिळून महिन्याला २४,००० खर्च झाले, आणि सोयीसाठी टप्प्यांत काही वाया गेलं नाही असं मानलं, तर १६० टप्प्यांचे ३२० मूळ आणि ८०० बोनस, एकूण १,१२०. मर्यादा नसती तर १,६०० झाले असते. एक पॉइंट २५ पैशांचा असेल तर १,१२० पॉइंटचे २८० रुपये, म्हणजे २४,०००वर १.१७ टक्के. ‘पाचपट’ वाचून मनात जो आकडा उभा राहतो त्याच्याशी हा ताडून पाहा.

मर्यादा कायमची नसते, हेही ध्यानात असू द्या. एसबीआयच्या कॅशबॅक कार्डावर एका स्टेटमेंटला परत मिळणारी कमाल रक्कम १ मे २०२३पासून १०,००० रुपयांवरून ५,०००वर आली. दर ५ टक्केच राहिला, पण महिन्याला एक लाखाच्या वर ऑनलाइन खर्च करणाऱ्याचा हिशेब बदलला. बँकेचा ‘नियमांत बदल’ असा ईमेल आला की आधी मर्यादेचा आकडा शोधावा.

पॉइंटची किंमत हा तर वेगळाच विषय. एचडीएफसीच्या रेगालिया कार्डाचा मूळ हिशेब घ्या: दर १५० रुपयांना ४ पॉइंट. विमानाच्या तिकिटासाठी वापरले तर एका पॉइंटचे ५० पैसे, म्हणजे १.३३ टक्के परतावा. तेच पॉइंट स्टेटमेंटमध्ये रोख वळते केले तर २० पैसे, म्हणजे ०.५३ टक्के. कमावताना केलेली सगळी काटकसर वापरताना निम्म्याहून जास्त वाया जाते. शिवाय काही कार्डांवर पॉइंट वटवायला दर वेळी ९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६.८२ रुपये लागतात. आपल्या उदाहरणातले २८० रुपये दर महिन्याला वटवले तर हाती उरतात १६३.१८, आणि परतावा ०.६८ टक्क्यावर येतो. पॉइंटची मुदत सांभाळून वर्षातून एकदा वटवले तर तेच शुल्क वर्षाच्या ३,३६० रुपयांवर एकदाच बसतं.

वगळलेल्या खर्चांची यादी कार्डागणिक बदलते, पण घरभाडं (६५१३), वॉलेट भरणं (६५४०), कर (९३११) आणि सरकारी सेवा (९३९९) बहुतेक ठिकाणी तिच्यात असतात. विमा, वीजबिल आणि दागिने (५९४४) यांचं प्रत्येक कार्डाचं धोरण वेगळं, म्हणून दसऱ्याची किंवा पाडव्याची सोनेखरेदी कार्डावर करण्याआधी यादी उघडून वाचाच. पेट्रोलवर पॉइंट नसतात तिथे अधिभारमाफी असते. २,००० रुपयांच्या पेट्रोलवर १ टक्का म्हणजे २० रुपये अधिभार आणि त्यावर ३.६० जीएसटी. माफीत सहसा २० परत येतात, ३.६० तुमच्याच खिशातून जातात. खरेदी नंतर हप्त्यांवर वळवली तर अनेक कार्डांवर तिचे पॉइंट काढून घेतले जातात. वस्तू परत केली तर बोनससकट वजावट होते.

तारखेचा घोळ सणासुदीला जास्त होतो. काही कार्डांची मर्यादा कॅलेंडर महिन्याची, काहींची स्टेटमेंटच्या चक्राची. स्टेटमेंट १८ तारखेला बनत असेल आणि १७च्या रात्री खरेदी केली, तर दुकानदाराच्या बँकेकडून व्यवहार पक्का व्हायला एक-दोन दिवस जातात. नोंदीची तारीख धरणाऱ्या कार्डावर ही खरेदी पुढच्या चक्रात जाते. मर्यादेच्या जवळ असाल तर शेवटचे तीन दिवस मोठी खरेदी टाळलेली बरी.

कोड आधी कसा कळेल? दुकानातला युपीआय क्यूआर फोनच्या साध्या स्कॅनरने वाचला, पेमेंट ॲपने नव्हे, तर एक लांब ओळ दिसते. त्यात ‘एमसी’ची इंग्रजी अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि पुढे चार अंक सापडतात. तो क्यूआरचा एमसीसी. चार शून्यं असतील तर तिथे दुकानाचा वर्ग नोंदलेलाच नाही. पण हा कोड क्यूआरचा आहे, कार्ड मशीनचा वेगळा असू शकतो. रुपे क्रेडिट कार्ड युपीआयला जोडून पैसे देणार असाल तर मात्र हाच कामाचा. मशीनसाठी खात्रीचा मार्ग एकच: आधी एक टप्पा भरेल इतकी छोटी खरेदी करायची आणि बोनस जमा होईपर्यंत थांबायचं.

तक्रार करायची वेळ आलीच तर व्यवहाराची तारीख, रक्कम, स्टेटमेंटवर छापलेलं दुकानाचं नाव जसंच्या तसं लिहा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: या व्यवहाराचा एमसीसी काय नोंदला आहे? उत्तर ७०११ आलं तर कार्डाच्या बँकेशी भांडून उपयोग नाही. ५८१२ आलं, मर्यादा भरलेली नाही आणि तरीही बोनस जमा नाही, तर तक्रार लेखी नोंदवा, तिचा क्रमांक घ्या आणि पॉइंट येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.