तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला मोठा बर्फ पडायच्या आधी काय करायचात?

फौजेतून रिटायर होऊन साताऱ्यात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झालाय. भरतीसाठी पळणारी पोरं विचारतात, भाचरं विचारतात, डिसेंबरात मनालीचं बुकिंग केलेले शेजारी तर निघायच्या आदल्या रात्री दहा वाजता फोन करतात, काका तुम्ही द्रास-लडाखकडं होता ना, बर्फ पडायच्या आधी तयारी काय करायचात, अंगात किती स्वेटर घालायचात. तर एकदाच नीट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

सगळे स्वेटरपासून सुरुवात करतात. स्वेटरचं टेन्शन आम्हाला कधीच नव्हतं, कपडे, बूट, स्लीपिंग बॅग सगळं सरकार देतं आणि चांगलं देतं. तयारी असते ती रस्ता बंद व्हायची. श्रीनगरहून लेहकडं जाताना सोनमर्ग सोडलं की पुढं झोजिलाची खिंड लागते, उंची साधारण साडेअकरा हजार फूट, म्हणजे लडाखमधल्या बाकीच्या खिंडींसमोर हा तसा बुटकाच, खारदुंगला साडेसतरा हजारांच्या वर आहे, पण काश्मीरकडून येणारे ढग आधी इथं धडकतात आणि निम्मं ओझं इथंच टाकून जातात त्यामुळं बर्फ प्रचंड. आमच्या वेळी नोव्हेंबर-डिसेंबरात झोजिला एकदा बंद झाला की डायरेक्ट एप्रिल-मेमध्ये पहिली गाडी यायची. आता बीआरओच्या, म्हणजे सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या, लोकांनी तो बंदचा काळ काही आठवड्यांवर आणलाय, खालून बोगद्याचंही काम चालू आहे, म्हणजे पुढच्या पोरांना आमच्या गोष्टी खोट्या वाटणार. वाटू देत.

मला मात्र ह्या प्रकाराचं फार नवल वाटलं नाही कारण मी मूळचा जावळीतला, बामणोलीच्या बाजूचा. कोयना धरणाचं पाणी आडवं आल्यापासून पलीकडच्या गावांना लाँचशिवाय सोय नाही, पावसाळ्यात वारं सुटलं की लाँच बंद, कास पठारावरून यायचा रस्ता धुक्यात, कुठंतरी दरड आलेली. म्हणून मे महिन्यातच घरात मीठ, तेल, काडेपेट्या, रॉकेल, सुकट, सगळी बेगमी करून ठेवायची, लाकडं पडवीत रचायची, शेणी माळ्यावर. आमची आज्जी मे महिन्यात जे करायची तेच फौज तिकडं उन्हाळाभर करते, हिशोब तेवढा किलोऐवजी टनात. ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात त्याला. रस्ते उघडले की ट्रकांच्या रांगा सुरू, पीठ, डाळ, तांदूळ, टिनातल्या भाज्या, औषधं, दारूगोळा, बुखाऱ्या म्हणजे रॉकेलच्या शेगड्या, आणि सगळ्यात जास्त काय तर रॉकेल. ट्रक रोडहेडपर्यंत, म्हणजे गाडीरस्ता संपतो तिथवर, तिथून पुढं खेचरं आणि पोर्टर, आणि जिथं खेचरही थांबतं तिथून आपली पाठ. जुलैच्या उन्हात, हो उन्हातच, तिकडं दुपारी कातडी सोलून निघते असं ऊन असतं, जेरीकॅन पाठीवर घेऊन चढताना बर्फाचा विचारही मनात येत नाही, पण पहिल्या बर्फाची तयारी म्हणतात ती हीच. ऑक्टोबरात सुरुवात केली तर उशीर झाला.

रॉकेल एवढं कशाला असं विचारतात. बुखारीला लागतं, स्टोव्हला लागतं हे कळतं लोकांना, पण पाण्याला लागतं हे लक्षात येत नाही. नाले गोठले की पाणी म्हणजे बर्फ वितळवून केलेलं पाणी, आणि ताजा भुसभुशीत बर्फ पातेलं शिगोशीग भरून ठेवला तरी तळाला जेमतेम तांब्याभर पाणी निघतं. त्यातही एक गंमत आहे, कोरडं पातेलं बर्फाने भरून थेट स्टोव्हवर ठेवलं तर तळ करपतो, पाण्याला जळका वास येतो आणि चहाची वाट लागते. म्हणून तळाशी आधी थोडं पाणी घालायचं आणि मग मूठ मूठ बर्फ टाकत राहायचं. रात्री झोपताना थोडंसं पाणी थर्मासमध्ये जपून ठेवायचं ते ह्यासाठीच, सकाळचं पाणी करायला पाणी लागतं. त्यामुळं कोणी पाणी सांडलं तर लंगरचा, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचा, उस्ताद रॉकेल सांडल्यासारखा ओरडायचा, आणि त्याचं बरोबरच होतं.

स्वयंपाकाचं म्हणाल तर पंधरा हजार फुटांवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं, वर कितीही जाळ करा. साध्या भांड्यात डाळ शिजतच नाही, कुकर पाहिजे. म्हणून हिवाळ्याआधी कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या मोजून जादा ठेवायच्या, हे काम किरकोळ वाटतं पण डिसेंबरात रिंग फाटली तर दुकान कुठंय? अंडी दगडासारखी होतात. बटाटा एकदा गोठला की नंतर गोडसर, मऊ आणि पांचट लागतो, म्हणून बटाट्यांना बंकरात आपल्याबरोबर जागा. खोबरेल तर तिथं बाटलीतून बाहेर येतच नाही.

आता बंकरचं. सप्टेंबरअखेर सगळ्या बंकरांची पाहणी व्हायची. दार आत उघडणारं आहे का ते बघायचं, कारण बाहेर उघडणारं दार असेल आणि रात्रीत चार फूट बर्फ पडला तर तुम्ही आत अडकलात. फावडं बंकरच्या आत ठेवायचं. हे नवीन पोरांना पाच वेळा सांगावं लागायचं, काम झालं की फावडं बाहेर भिंतीला टेकवून येतात, आणि सकाळी दारापासून फावड्यापर्यंत जायला फावडं लागतं. बंकर ते लंगर आणि बंकर ते संडास दोर बांधायचा, हसू नका, वादळात स्वतःचा हात दिसत नाही अशी वेळ येते आणि दहा पावलांवरचा संडास सापडत नाही. वाटेच्या दोन्ही कडेला उंच काठ्या रोवायच्या, वर लाल कापड, म्हणजे सगळं पांढरं झाल्यावर खाली वाट कुठं होती ते कळतं. पाण्याचा नाला, जेरीकॅनचा ढीग, टेलिफोनची वायर, प्रत्येकावर काठी.

आणि बुखारी. त्या एका वस्तूवर मी तासभर बोलू शकतो. लोखंडी डबा, खाली रॉकेल थेंब थेंब पडतं, वर धुराचं नळकांडं छपरातून बाहेर. सीझनआधी नळकांडं उतरवून काजळी झाडायची, सांधे बघायचे, आणि हवा आत यायचं भोक उघडं आहे का ते बघायचं. थंडी वाजते म्हणून पोरं त्या भोकात मोजा कोंबतात. बर्फ पडून वरून नळकांडं बुजलं आणि खाली भोकात मोजा, की कार्बन मोनॉक्साइड आत साठतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून झोपताना बुखारी बंद, आणि बर्फ पडत असेल तर ड्युटीवरच्याने दर थोड्या वेळाने सगळ्यांची नळकांडी मोकळी करून यायचं. शत्रूवर लक्ष ठेवायचं असतंच, पण वादळाच्या रात्री जास्त लक्ष ह्या नळकांड्यावर.

बर्फ येतोय हे कसं कळायचं म्हणाल तर तिकडचा हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी विक्षोभाने येतो, भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तानवरून सरकत येतो. आधी वर पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग, चंद्राला खळं, मग वारं फिरतं आणि थंडी चक्क थोडी कमी होते. नवीन माणूस खूश होतो, जुना माणूस फावडं आत आहे का बघतो. तोच विक्षोभ पुढं सरकला की मागून कोरडं वारं खाली यायला लागतं, आणि इकडं महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात ते बऱ्याचदा त्यानंतरच.

वादळ चालू असताना फारसं काही करायचं नसतं. छपरावरचा बर्फ काढत राहायचा, बाकी पत्ते. खरी परीक्षा आभाळ उघडल्यावर. सकाळी लख्ख ऊन, निळं आकाश, सगळ्यांना बाहेर पडायची घाई, आणि नेमका तोच वेळ वाईट, कारण ताजा बर्फ जुन्या थरावर अजून बसलेला नसतो, साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर तो सुटतो आणि हिमस्खलन होतं. म्हणून एक-दोन दिवस कळ काढायची, निघायचंच असेल तर ऊन चढायच्या आत निघायचं, एकमेकांत अंतर ठेवायचं, आणि कमरेला लाल दोरी बांधून मागं सोडायची, माणूस गाडला गेला तर दोरीचं टोक तरी वर दिसावं म्हणून. मनालीला बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी सासे नावाची डीआरडीओची संस्था होती, 2020 पासून ती डीआरडीओच्याच डीजीआरई नावाच्या संस्थेत गेली, तिथून हिमस्खलनाचा अंदाज यायचा आणि तो आला की साहेबसुद्धा हालचाल थांबवायचे. तरी सगळं आपल्या हातात नसतं. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचिनमध्ये साडेएकोणीस हजार फुटांवरच्या सोनम पोस्टवर बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले, त्यात आपल्या माण तालुक्यातला एक होता. तयारीत कमी पडले असं त्यांच्याबद्दल कोणी म्हणू नये. टीव्हीसमोर बसून तेव्हा लोक म्हणत होते, म्हणून लिहिलं.

स्वेटरचं राहिलंच. जाड एक घालण्यापेक्षा पातळ तीन-चार घाला, आणि काम करताना एक-दोन काढा. आश्चर्य वाटेल पण बर्फात घामाची भीती जास्त. फावडं मारताना घाम आला आणि तो अंगावर गार झाला की संपलं. पायमोजे ओले झाले की लगेच बदलायचे, ओले मोजे स्लीपिंग बॅगेत पोटाशी घेऊन वाळवायचे, टॉर्चचे सेलही तिथंच, बुटाचं आतलं अस्तरही तिथंच. बॅगेत माणसाला जागा कमीच उरते.

भीती वाटायची का हेही विचारतात. पहिल्या सीझनला वाटली. नंतर कंटाळा जास्त वाटायचा.

आता मनालीवाल्यांसाठी. जीन्स घालून बर्फात लोळू नका, कॉटन एकदा भिजलं की वाळत नाही. काळा गॉगल घ्या, पोरांनाही, बर्फावरच्या उन्हाने डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. अटल टनेल नऊ किलोमीटरचा आहे, मस्त आहे, पण पलीकडं बर्फ सुरू झाला की पोलीस गाड्या मागं फिरवतात, तेव्हा हुज्जत न घालता फिरा. आणि गाडी अडकलीच तर काचा बंद, इंजिन चालू आणि हीटर लावून झोपायचं नाही, सायलेन्सर बर्फात बुजला की वर बुखारीचं सांगितलं तेच गाडीत होतं. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरीला पर्यटकांच्या गाड्या अशाच अडकल्या आणि वीसपेक्षा जास्त माणसं गेली, त्यातली बरीच गाडीतच. सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, थोडा वेळ इंजिन चालवा, बंद करा, काच बोटभर उघडी ठेवा.

लेहला विमानाने जाणार असाल तर पहिले दोन दिवस हॉटेलात पडून राहा. फौजेत आम्हाला वर पाठवायच्या आधी 9,000 ते 12,000 फुटांसाठी सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांना चार-चार दिवस सवय करायला लावायचे, आणि आम्ही रोज पळणारी माणसं. तुम्ही दुपारी उतरून संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढता आणि रात्री मला फोन करता की काका डोकं दुखतंय. फोन मला करू नका, तिथल्या डॉक्टरकडं जा, आणि श्वास लागत असेल तर सकाळची वाट न बघता खाली उतरा.