४८ तास कधीपासून मोजायचे? बेळगाव ते बॅलार्ड पिअर, व्हाया कोगनोळी

"काकू, स्वॅब किती वाजता दिलासा?"

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी बॅगेत साड्या भरत होते. सप्टेंबर २०२१, करोनाचा काळ. गणपती नुकतेच गेलेले. शनिवारी दुपारी दोन वाजता मुंबईत बॅलार्ड पिअरला जहाजात चढायचं होतं. दोन रात्री, मुंबई-गोवा-मुंबई. जन्मातली पहिली क्रूझ, आणि तीही पितृपक्षात. सासूबाई आठवडाभर बोलून दाखवत होत्या, "पंधरवड्यात कोण समुद्रावर जातं गं?" पंधरवड्यात तिकीट स्वस्त पडतं, हे त्यांना सांगायची हिंमत आमच्या यांना झाली नाही. मला तर नाहीच.

"सकाळी अकराला," मी म्हटलं. "लॅबचा मुलगा घरीच आला होता. उद्यापर्यंत रिपोर्ट देतो म्हणालाय."

"मग तो गेला वाया. परत द्या."

पुतण्या खानापूरचा. बरीच वर्षं परदेशी क्रूझवर हाउसकीपिंगला आहे आणि तेव्हा पुढच्या काँट्रॅक्टची वाट बघत घरी बसला होता. त्यानं फोनवरच हिशेब मांडला. आमच्या बुकिंगच्या कागदावर '४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर' असं होतं. शनिवारी दुपारी दोनपासून ४८ तास मागं गेलं की गुरुवारचे दुपारचे दोन. आमचा स्वॅब गुरुवारीच घेतलेला, पण सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी. म्हणजे जवळजवळ ५१ तास. आम्ही दोघं शिकलेली माणसं आपली रिपोर्टच्या तारखेपासून मोजत बसलो होतो. रिपोर्ट शुक्रवारी येणार, शनिवारी चढायचं, झाला एकच दिवस, मग घाई कसली!

रिपोर्टच्या कागदावर वेळा तीन असतात: नमुना घेतला ती, तो लॅबमध्ये पोचला ती आणि निकाल छापला ती. ठळक दिसते ती शेवटची, पण मोजतात पहिली. कारण सोपं आहे. चाचणी सांगते ती नाकातून काडी फिरली त्या क्षणापुरतं. विषाणू आज शिरलेला असेल तर आज तो सापडणारच नाही, दोन-तीन दिवसांनी सापडेल. म्हणून काडी आणि जहाजाची शिडी यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं बरं. आणि मोजणीचं दुसरं टोक कुठलं, तेही वाचायला हवं. कुठं जहाज सुटायची वेळ धरतात, कुठं तुम्ही काउंटरवर उभं राहायची. कुठं तास न धरता नुसते दिवस लिहितात, आणि मग सकाळचा स्वॅबही चालून जातो. आमच्या कागदावर तास होते.

चिडचिड करत आम्ही स्कूटर काढली आणि दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलीनं विचारलं, "सकाळी दिलाय म्हणता, मग परत कशाला?" यांनी तिला ४८ तासांचं गणित समजावून सांगितलं, अगदी स्वतःच शोधून काढल्यासारखं. मला वेगळीच धास्ती. सकाळचा निगेटिव्ह आला आणि संध्याकाळचा पॉझिटिव्ह, तर खरा कुठला मानायचा? शेजारच्या काकांना करोना होऊन पाच आठवडे झाले होते, खडखडीत बरे होते, तरी आरटीपीसीआर पॉझिटिव्हच यायचा. मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात राहतात आणि मशीनला जिवंत-मेलेलं कळत नाही. पाच वाजता आमच्या नाकात पुन्हा काड्या गेल्या. मुलीनं वेळ लिहिली ती मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितली. १७.०८.

परतताना व्हॅक्सिन डेपोवरून आलो. बेळगावकरांसाठी व्हॅक्सिन डेपो म्हणजे सकाळचं फिरणं, झाडं आणि सभांचं मैदान. नाव कशावरून पडलं याचा विचार कुणी करत नाही. इथं देवीची लस बनायची. गोठवून सुकवलेली देवीची लस बनवणारी देशात चारच केंद्रं होती, त्यांतलं एक आमचं बेळगाव. हे जेवताना मी बोलले तर सासूबाई उठल्या, ट्रंक उघडली आणि एक पिवळी पुस्तिका आणून ताटाशेजारी ठेवली. सासरे सत्तरच्या दशकात आखाती देशात कामाला गेले होते, तेव्हाची. कडा कुरतडलेल्या, आत जांभळे शिक्के. एका पानावर देवी, एका पानावर कॉलरा. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. देवीची लस पहिल्यांदाच टोचली असेल तर दाखला आठ दिवसांनी लागू, पुढं तीन वर्षं चालणार. कॉलऱ्याचा सहा दिवसांनी लागू, पुढं सहा महिने. तिथंही तेच: सुई कधी टोचली आणि किती दिवसांनी धरायची. "तुझ्या मामंजींचं एकदा दोन दिवसांनी हुकलं होतं," सासूबाई म्हणाल्या, "मुंबईत धर्मशाळेत राहिले मग." ही गोष्ट घरात आजवर कुणी ऐकली नव्हती.

शुक्रवारी तीनला दोघांचे रिपोर्ट आले. निगेटिव्ह. पण यांच्या रिपोर्टवर नुसतं नाव आणि पुढं एक इंग्रजी अक्षर, कर्नाटकी पद्धतीनं. ओळखपत्रावर मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लांबलचक. आमच्या सीमाभागात हा घोळ जन्मापासूनचा: शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तिसरंच. पुतण्यानं बजावलं होतं की काउंटरवरचा माणूस रिपोर्ट आणि ओळखपत्र शेजारी धरून अक्षर अन् अक्षर जुळवतो. परत स्कूटर, परत लॅब. साडेसहाला दुरुस्त कागद हातात पडला आणि आठला संभाजी चौकातून मुंबईची बस होती. कुंद्याचे दोन डबे घ्यायचे होते, ते यांनी रिक्षा थांबवून घेतलेच.

पुतण्या एवढा काटेकोर का, ते खानापूर-लोंढा पट्ट्यात विचारू नये. इथली नि गोव्याकडची कितीतरी पोरं जहाजावर आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकून पडलं. आत ३,७११ माणसं होती, त्यातल्या सातशेहून जास्त जणांना लागण झाली. १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कामाला गेलेले. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद, आणि त्यांच्या दाराशी जेवणाची ताटं नेऊन ठेवणारी ही पोरं. आमचा पुतण्या दुसऱ्या जहाजावर होता, पण त्याच्या आईनं ते महिने टीव्हीसमोरच काढले. पाहुण्याला जी तपासणी कटकट वाटते ती आतल्या कामगाराला काय वाटत असेल, हे मला त्याच्याशी बोलून कळलं. त्याची स्वतःची मेडिकल तर आपल्यापेक्षा कितीतरी कडक. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, डोळे, कान, आणि आफ्रिका-दक्षिण अमेरिकेकडं जायचं म्हणून पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस.

बॅलार्ड पिअरला पोचलो तर टर्मिनलच्या दारातच ताप बघायचं यंत्र कपाळाला लावलं. मग रिपोर्ट, लसीचं प्रमाणपत्र, ओळखपत्र. बाईंनी बोट ठेवलं ते थेट १७.०८ वर. मला उगाचच शाळेत गृहपाठ तपासून घेतल्यासारखं वाटलं.

घोटाळा झाला तो पुढच्या फॉर्मवर. ताप, खोकला, श्वास वगैरे प्रश्न ठीक होते. नंतर होतं, 'गेल्या काही दिवसांत उलटी किंवा जुलाब?' आमच्या यांनी रात्री साताऱ्यापुढच्या ढाब्यावर मिसळ खाल्ली होती आणि सकाळी पोटानं हिशेब चुकता केला होता. पेन हवेत धरून ते माझ्याकडं बघायला लागले. "नाही लिहितो," कुजबुजले. मी म्हटलं, "खोटं लिहू नका, उगाच मधेच खोलीत कोंडतील." मग 'होय' लिहिलं. एक तरुण डॉक्टर आला, यांना बाजूला घेतलं. ताप नाही, उलटी नाही.

"किती वेळा झालं काका?"

"एकदाच."

"मग जा."

बाहेरून बघणाऱ्याला हसू येईल, पण त्या 'किती वेळा'ला अर्थ आहे. अमेरिकेतली आरोग्य यंत्रणा क्रूझवरच्या पोटाच्या साथी मोजते तेव्हा २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा जुलाब झाले तर रुग्ण धरते, किंवा उलटी आणि जोडीला आणखी एखादं लक्षण असेल तर. जहाजांना खरी धास्ती असते नोरोव्हायरसची. बुफेचा एकच चमचा शेकडो हातांतून फिरतो, आणि हा विषाणू सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही. साबण-पाण्यानं चोळून हात धुवावे लागतात. जहाजावर जेवणघराच्या दारात एक मुलगी गाणं म्हणून सगळ्यांना हात धुवायला लावत होती, ते मला तेव्हा नुसतं मनोरंजन वाटलं होतं.

कुंदा मात्र आत गेला नाही. बाहेरचे खाण्याचे पदार्थ चालत नाहीत. यांनी एक डबा तिथल्या सिक्युरिटीवाल्याला देऊन टाकला आणि दुसरा, मला वाटतं, रांगेतच संपवला. पोटाचं काय झालं होतं ते विसरून.

समुद्राचं काय सांगू? पहिल्या रात्री झोप लागली नाही. पाऊस संपत आलेला, पाणी अजून शांत नव्हतं, खोली हलकेच झुलत होती. पहाटे डेकवर गेलो तर सगळीकडं राखी रंग, पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. गोव्याचा किनारा दिसायला लागला आणि आमचे हे कठड्याला टेकून म्हणाले, "अगं, इथं उतरू या की. चोर्ल्यानं तीन तासांत घर." खरंच की! बेळगावहून कणकुंबी, चोर्ला घाट उतरून जिथं दुपारच्या जेवणाला जातो त्या गोव्याला आम्ही पाचशे किलोमीटर उलट्या दिशेनं जाऊन, मग समुद्रातून खाली येत होतो. मधेच उतरता येत नाही. ज्या यादीवर नाव, त्याच बंदरात उतरायचं.

हल्ली ओळखीचे कुणी सिंगापूरच्या, दुबईच्या क्रूझला निघाले की मला फोन करतात. आता बहुतेक ठिकाणी करोनाची चाचणी मागत नाहीत. अमेरिकेनं विमानात बसण्याआधीची चाचणी जून २०२२ मध्येच बंद केली. पण आरोग्याचा फॉर्म राहिलाय, आणि काही गोष्टी लोक अजून तिकीट काढल्यावर वाचतात. मैत्रिणीच्या सुनेला प्रवासाच्या तारखेला पंचविसावा आठवडा लागत होता, आणि बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांवर गर्भवतीला घेत नाहीत. बुक करतानाचे आठवडे धरून चालत नाही, प्रवास संपतो त्या दिवसाचे धरायचे. सहा महिन्यांच्या आतलं बाळही चालत नाही, लांबच्या सफरींना तर वर्षाचं लागतं. आणि आफ्रिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशात सफारी करून तिथून परत येणार असाल तर पीतज्वराचा पिवळा दाखला. ही लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. पूर्वी तो दहा वर्षं चालायचा, ११ जुलै २०१६ पासून जन्मभर चालतो. निघायच्या आदल्या आठवड्यात लस घेणाऱ्याला ते दहा दिवस कुणी सोडत नाही. बेळगावकरांना जवळचं केंद्र म्हणजे मुरगाव बंदराचं पोर्ट हेल्थ ऑफिस. जायच्या आधी वार आणि वेळ विचारून घ्या.

सोमवारी सकाळी मुंबईत उतरलो आणि तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. जहाजात चढायला ४८ तास, ठीक आहे. पण महाराष्ट्रातून स्वतःच्या घरी जायला कर्नाटकला ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट लागत होता, दोन लसी झाल्या असल्या तरी. आमचा गुरुवारी १७.०८ चा कागद रविवारी संध्याकाळीच मेला होता. म्हणजे तिसऱ्यांदा काड्या. दादरला एका लॅबमध्ये ११.२० ला स्वॅब दिला, रात्रीपर्यंत मोबाइलवर पाठवतो म्हणाले, आणि संध्याकाळी बसमध्ये बसलो. पुणं गेलं, रिपोर्ट नाही. सातारा गेलं, नाही. कऱ्हाडला मध्यरात्री उठून बघितलं, यांचा आला होता, माझा नाही. मी मनात ठरवून टाकलं की कागलला उतरायचं आणि बहिणीकडं कोल्हापूरला जायचं. यांना घरी जाऊ द्यावं. शेवटी पेठनाक्याच्या आसपास माझाही आला.

दूधगंगेचा पूल ओलांडून कर्नाटकच्या हद्दीवर, कोगनोळीला बस थांबली तेव्हा उजाडायला लागलं होतं. बॅरिकेड, तंबू, टेबलावर रजिस्टर. एक पोलीस टॉर्च घेऊन वर चढला.

"रिपोर्ट ऐतेन्री?"

"ऐत्री," मी म्हटलं आणि मोबाइल पुढं धरला.

"यावागिंदु?" कधीचा, एवढंच. निगेटिव्ह की पॉझिटिव्ह ते त्यानं विचारलंच नाही. माझं बोट आपोआप वरच्या ओळीवर गेलं, नमुना घेतल्याच्या वेळेवर. त्यानं मान हलवली आणि पुढं सरकला. मागच्या सीटवर निपाणीचा एक तरुण होता. त्याचा रिपोर्ट शुक्रवारचा निघाला. "छापलाय शनिवारी की ओ," तो सांगत राहिला. बॅग घेऊन खाली उतरला, तंबूकडं गेला. बस दहा मिनिटं थांबली, मग ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तो आलाच नाही. निपाणी तिथून दहा-बारा किलोमीटर.

घरी पोचलो, दारात सासूबाई उभ्या. हातात भाकरतुकडा नाही, काही नाही. मी तिन्ही रिपोर्ट त्यांच्यासमोर धरले. त्यांनी एकाकडंही बघितलं नाही.

"ते राहू दे. मागल्या दारानं जा दोघं. बंबात पाणी तापलंय."