तुम्ही विचारलंत म्हणून: १६ कोर असताना फायरवॉल एकावरच का धापा टाकते?

फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) तपासणारी यंत्रणा, आणि कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग. आमच्या फायरवॉलबद्दल दर दुसऱ्या मीटिंगमध्ये हा प्रश्न येतो, आणि पाठोपाठ सल्लाही: "ते एक मोठं लॉक आहे ना, ते काढून टाका." लॉक म्हणजे एका वेळी एकाच कोरला आत सोडणारं कुलूप. जणू मी ते हौसेनं लावून ठेवलंय.

अहो, ते लॉक केव्हाच गेलं. डॅनियल हार्टमायर यांनी २००१ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पीएफ, म्हणजे आमच्या फायरवॉलच्या पोटातलं सॉफ्टवेअर, लिहिलं, तेव्हा साध्या मशीनला एकच प्रोसेसर असायचा. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमनं ते घेतलं आणि कित्येक वर्षं अख्खं पीएफ एका म्यूटेक्सखाली, म्हणजे त्या एकाच मोठ्या लॉकखाली, चालवलं. २०१२ मध्ये ग्लेब स्मिर्नॉफ यांनी ते फोडलं. स्टेट टेबल, म्हणजे चालू कनेक्शनांची नोंदवही, हॅशच्या (पत्ते-पोर्टवरून काढलेल्या आकड्याच्या) ओळींत वाटलं, ओळीगणिक वेगळं लॉक दिलं, रूल (कोणतं पॅकेट सोडायचं याचे नियम) वाचणारे कोर एकमेकांना अडेनासे झाले. फ्रीबीएसडी १०.० पासून हे सगळ्यांच्या हातात आहे. त्यापायी ओपनबीएसडीशी फारकत झाली, तिकडचा कोड जसाच्या तसा उचलता येईना. ते भांडण इथे नको.

मग त्या दिवशी काय झालं ते सांगतो. ग्राहकाकडे डेमो होता. तिथल्या साहेबांनी आयपर्फ हे नेटवर्कचा वेग मोजायचं साधन लावलं, एकच कनेक्शन. स्क्रीनवर एक कोर १०० टक्के, बाकीचे १५ गार. मी सांगू लागलो: नेटवर्क कार्ड पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश काढून क्यू, म्हणजे कोणत्या कोरची रांग ते, ठरवतं, त्यामुळे एक कनेक्शन एकाच कोरवर जातं. ते मुद्दाम तसं आहे, पॅकेटांचा क्रम बिघडू नये म्हणून. साहेब म्हणाले, "टोलनाक्यावर १६ बूथ असताना सगळ्या गाड्या एकाच रांगेत का घालता?" आमच्या सेल्सवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स.

टेस्टिंगसाठी आमच्या बिल्डमध्ये एक स्विच होता, पॅकेटं सगळ्या कोरवर आळीपाळीनं वाटणारा. म्हटलं, होऊन जाऊ दे. लगेच सोळाही कोर जागे झाले, साहेब खूश. मग आयपर्फचा आकडा आला, आधीपेक्षा कमी! पॅकेटं एकमेकांना ओलांडून पुढे जात होती. टीसीपी या, डेटा क्रमानं पोचवणाऱ्या, नियमावलीत तीन डुप्लिकेट अ‍ॅक (तीच ती पुन्हा आलेली पोच) मिळाले की पाठवणाऱ्याला वाटतं पॅकेट हरवलं. तो ते परत पाठवतो आणि वेग उतरवतो. शिवाय पीएफ प्रत्येक पॅकेटमागे त्या कनेक्शनच्या स्टेटमध्ये (नोंदवहीतल्या त्याच्या नोंदीत) सीक्वेन्स नंबरांची, म्हणजे डेटाच्या अनुक्रमांकांची, नोंद बदलतं. स्टेट एकच, म्हणजे ओळ एकच, लॉक एकच. सोळाही कोर त्याच दारात उभे. जागे होते ते निव्वळ वाट बघण्यात.

"म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर अजून मल्टिकोर झालेलंच नाही," साहेबांनी निकाल दिला. ऑर्डर हातची गेली.

मी पुष्कळ दिवस धुमसत होतो. १०० कनेक्शनं लावून बघा म्हणावं, सगळे कोर कसे भरतात ते! हे आजही खरं आहे. पण पूर्वी मीच छातीठोकपणे सांगायचो की मोठं लॉक फुटलं की काम फत्ते, आणि ते काही टिकलं नाही. नॅटचंच घ्या, म्हणजे बाहेर जाताना पॅकेटवरचा पत्ता बदलण्याचं. आतून आलेलं पॅकेट एका कोरवर पडतं. उत्तर येतं ते बदललेल्या पत्त्यावर, त्याचा हॅश वेगळा, म्हणून बहुधा कोरही वेगळा. सिमेट्रिक हॅश (जाता-येता एकच आकडा देणारा) लावला तरी इथे उपयोग नाही, कारण पत्तेच बदललेत. दोन्ही कोर एकाच स्टेटमध्ये लिहितात, ती कॅश लाइन (कोरच्या जवळच्या जलद मेमरीतला तो तुकडा) दोघांमध्ये खेचाखेच होऊन फिरत राहते. लॉक कितीही बारीक करा, ही फेरी चुकत नाही.

आणि साहेबांची टेस्ट मी कृत्रिम म्हणत होतो, तीही तितकी कृत्रिम नव्हती. त्यांचा दोन शाखांमधला रात्रीचा बॅकअप एकाच टीसीपी कनेक्शनवर चालायचा. अशा ठिकाणी मी आजकाल कमी पण वेगवान कोरचं मशीन घ्यायला सांगतो. सेल्सवाल्यांना ते मुळीच आवडत नाही.