मुलांजेचे हापसे: मलावीतल्या मंडळीच्या सेवेला जाताना

आफ्रिकेतल्या खेड्यांत सेवेला जायचा विचार असेल, तर तिकीट काढण्याआधी एवढं तपासा: आपल्या हाताला असं कोणतं काम येतं, जे तिथल्या माणसांना हवं आहे आणि आपण परतल्यावर त्यांना आपल्याशिवाय करता येईल? शाळेच्या भिंती रंगवायला विमानाने जाऊ नका. तिथे रंगारी आहेत, गवंडी आहेत, आणि त्यांना त्या कामाची मजुरी हवी आहे.

मला हापसा दुरुस्त करता येतो. जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकात मी नोकरी केली. त्यामुळे दक्षिण मलावीतल्या मुलांजे जिल्ह्यातून, चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियनच्या एका खेड्यातल्या मंडळीकडून बंद हापशांसाठी बोलावणं आलं, तेव्हा आमच्या पाळकांनी माझं नाव सुचवलं. आमच्याबरोबर एक परिचारिका आणि हिशेब तपासणारे एक काका होते. सगळ्यात जास्त उपयोग काकांचा झाला, तो कसा ते पुढे सांगतो.

अदिस अबाबाला विमान बदलून ब्लांटायरला उतरता येतं. तिथे सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे चर्च आवर्जून बघा. १८८८ ते १८९१ या काळात ते उभं राहिलं. डेव्हिड क्लेमेंट स्कॉट या मिशनऱ्याने वास्तुकलेचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्याने आणि स्थानिक कारागिरांनी तिथेच भाजलेल्या विटांनी ते बांधलं. कमानी बघताना त्या कारागिरांच्या हातांना मनोमन नमस्कार केला. पुढे मुलांजेपर्यंतचा रस्ता चहाच्या मळ्यांतून जातो आणि समोर ३,००० मीटरांचा डोंगर उभा राहतो.

मलावीत सर्रास दिसणारा हापसा म्हणजे आफ्रिडेव्ह. आपल्याकडच्या इंडिया मार्क टू या हापशाचं बीजही ख्रिस्ती मिशनच्याच कामात आहे. दुष्काळाच्या वर्षांत जालना आणि सोलापुरात मिशनच्या लोकांनी जे पंप घडवले, त्यांतूनच तो पुढे आला. पंप दणकट, पण खालचा वायसर बदलायचा म्हणजे तिवई लावा, लोखंडी पाइप एकेक करून वर ओढा, चार-सहा माणसं आणि गाडी हवीच. आफ्रिडेव्हचा पाइप प्लॅस्टिकचा असतो आणि तो बोअरमध्येच राहतो. एका पान्याने डोकं उघडायचं, रॉड वर घ्यायचे, त्यांच्याबरोबर दट्ट्या येतो. रबरी सील बदललं की काम झालं. गावाने स्वतः दुरुस्त करावा म्हणूनच तो तसा बनवलेला आहे.

पहिल्या गावात पाणी बोटभर धारेने येत होतं. मी पाना हातात घेतला, तशी पाणी समितीतल्या एका आजींनी तो माझ्याकडून काढून घेतला. त्या आणि आणखी तिघी जणींनी चितेंजे, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ती कापडं, घट्ट बांधली, रॉड एकेक करून वर घेतले आणि स्वच्छ कापडावर ओळीने मांडले. सील बोटाने दाबून मला दाखवलं: कडा झिजून गुळगुळीत झालेली. दुरुस्ती त्यांना माझ्याइतकीच येत होती. अडलं होतं ते नव्या सीलच्या पैशांपाशी. वर्गणी बंद पडली होती, कारण जुने पैसे कुठे गेले ते कुणाला सांगता येत नव्हतं. तिथे काकांचं काम सुरू झालं. दर रविवारी उपासनेनंतर ते खजिनदारबाईंबरोबर वही घेऊन बसत. जमा एका पानावर, खर्च दुसऱ्या पानावर, आणि महिनाअखेर सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचन. वाचन सुरू झालं तशी घराघरांतून वर्गणी येऊ लागली. पाण्याचं मोल त्या लोकांना कुणी शिकवायला नको. २०२२-२३ च्या कॉलराच्या साथीत देशात सतराशेहून जास्त माणसं गेली, आणि त्यातच मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने याच भागात गावंच्या गावं चिखलाखाली घातली.

हापशाचे सुटे भाग इथून नेऊ नका. ब्लांटायर-लिम्बेच्या दुकानांत मिळतात. समितीच्या माणसालाच बरोबर न्या आणि पावती त्यांच्या नावाने करा. दुकान आणि भाव त्यांना माहीत झाले की पुढच्या वेळी त्यांना कुणाची वाट बघावी लागत नाही. जुने कपडेही नेऊ नका. लहान मुलांना खाऊ-पैसे वाटणं आणि पालकांना न विचारता फोटो काढणं पूर्ण टाळा. आमच्या परिचारिकेने स्थानिक नोंदणीशिवाय एकही इंजेक्शन दिलं नाही, आरोग्यसेविकांबरोबर फक्त हात धुण्याचं आणि जलसंजीवनीचं शिकवलं. तेच योग्य आहे.

गावात पोचलात की कामाला हात लावण्याआधी गावप्रमुखाला भेटा. ‘मुली ब्वांजी’, म्हणजे ‘कसे आहात’, म्हणून विचारपूस करा, घाई करू नका. गावात मयत झालं तर त्या दिवशी काम बंद, तुम्हीही मयताला जाऊन बसा. बायकांनी गुडघ्याखाली येईल असंच नेसावं. चितेंजे तिथेच घ्या. जेवायला न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची आपल्या उकडीसारखी घट्ट मूद, हाताने खायची. शाकाहारी माणसाचं अडत नाही: घेवडा असतो, भोपळ्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेला असतो. फक्त आधी सांगा, नाहीतर पाहुण्यासाठी कोंबडी कापली जाते आणि ते घर गरीब असतं.

मे ते ऑगस्ट हा काळ बरा. पावसात, नोव्हेंबर ते एप्रिल, कच्चे रस्ते तुटतात आणि जानेवारीपासून घराघरांत धान्य संपत आलेलं असतं. तेव्हा पाहुणा म्हणून भार होऊ नका. जून-जुलैत धुकं आणि बारीक पाऊस असतो, त्याला तिथे चिपेरोनी म्हणतात, स्वेटर लागतोच. मलेरियाची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा. परतल्यावर ताप आला तर ‘आफ्रिकेतून आलोय’ हे आधी सांगा. सरोवरात आणि संथ ओढ्यांत उतरू नका, बिलहार्झिया या रोगाच्या कृमींच्या अळ्या कातडीतून शिरतात. पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. इथिओपियामार्गे परतताना प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर विलगीकरणात अडकू शकता. व्हिसाच्या अर्जात सेवेचा हेतू खरा लिहा, मंडळीचं निमंत्रणपत्र जोडा. प्लग तीन चपट्या पिनांचा लागतो, आणि वीज वारंवार जाते म्हणून डोक्याला लावायची बॅटरी घ्या. संध्याकाळची वही त्याच उजेडात लिहावी लागते.