तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईलवर ल्युडो असताना आम्ही कवड्या का खेळतो

हे मला खूप जण विचारतात. भाऊ टोरांटोला, आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात, आणि तरी व्हिडिओ कॉल लावून कवड्यांची पचीशी खेळतो, मग सरळ ऑनलाइन ल्युडो का नाही?

तर मागच्या सोमवारचं सांगते. तिकडे रात्रभर बर्फ पडला, भाच्याच्या शाळेला सुट्टी दिली, आणि त्यांच्या सकाळी साडेआठला म्हणजे आपल्या संध्याकाळी सातला त्याचा फोन आला, आत्या पट मांड. आईनं लगेच आजीनं शिवलेला पट काढला, लाल मखमल, चार पट्टे, प्रत्येकात २४ घरं, म्हणजे एकूण ९६, आणि फुल्या काळ्या रेशमानं भरलेल्या. एक हिरवी सोंगटी कधीची हरवलीय, तिच्या जागी आजोबांच्या कोटाचं बटण आहे आणि ते आईलाच लागतं, दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही.

पट आमच्याकडे, पण भाच्याजवळ त्याच्या स्वतःच्या सहा कवड्या आहेत, आईनंच इथून दिलेल्या. तो तिथे टाकतो, आम्ही इथे त्याची सोंगटी चालवतो. आमच्या घरच्या नियमात सहाच्या सहा पालथ्या पडल्या की पंचवीस, ते दान मोठं, पचीशी नाव त्यावरूनच. त्या दिवशी त्याची शेवटची सोंगटी कितीतरी वेळ आतच अडकून होती आणि एकदम ओरडला, आजी, पंचवीस! आई म्हणाली हलवू नकोस हं, फोन खाली घे, बघू दे. त्यानं फोन जमिनीपर्यंत नेला, खरंच सहाही पाठी वर, मागे खिडकीत पांढरंफेक, आणि आई टाळ्या वाजवायला लागली, गुडघे दुखतात तिचे पण त्या वेळी पाय पोटाशी घेऊन बसली होती अगदी.

ल्युडो वाईट नाहीये हो. तो पचीशीतूनच निघाला, इंग्लंडमध्ये १८९६ ला त्याचं पेटंट घेतलं, आणि इकडे फत्तेपूर सीकरीला अंगणात दगडातच मोठा पट आखलेला आहे, लहानपणी आम्ही आग्र्याला गेलो तेव्हा बाबांनी मला त्यातल्या एका घरात उभं केलं होतं. पण मोबाईलवर दान मोबाईलच टाकतो. पचीशीत भाचा कवड्या मुठीत खुळखुळवतो तो आवाज आईला ऐकू येतो, आणि त्या कवड्या आधी तिच्या हातात होत्या. मला ते फार मोठं वाटतं.

दहा वाजले तरी डाव संपला नाही. आईची दोन घरं राहिलीत, भाच्याची ती एक सोंगटी अजून अर्ध्या वाटेवर. आईनं पट गुंडाळू दिला नाही, वरून ओढणी टाकलीय, आणि ती तेव्हापासून माझ्या खोलीत झोपते कारण पट तिच्या पलंगावर आहे. काल भाऊ म्हणाला गुरुवारी परत बर्फ सांगितलाय.