वाचनवही, जून ते नोव्हेंबर : तीनदा मोजलेलं एक पुस्तक

मंडळी, जूनमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की बारावी असली तरी वर्षाला तीस पुस्तकं पुरी करणार. नोव्हेंबर संपत आला आणि वहीत चौदा नोंदी आहेत. त्यातल्या तीन एकाच पुस्तकाच्या, म्हणजे खरी बाराच. आई म्हणते तीसुद्धा जास्तच झाली. सीईटीची पुस्तकं मोजायची मुभा असती तर आत्तापर्यंत तीस पार झाली असती, पण ती मी मोजत नाही.

वहीची आखणी जुनीच आहे : नाव, लेखक, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख. यंदा एक रकाना वाढवला, ‘कुठं वाचलं’. त्यात बहुतेक ठिकाणी ‘एसटी’ लिहिलंय. आटपाडीच्या बाजूनं विट्याला कॉलेजला जाऊन-येऊन अडीच तास जातात. सकाळी जागा मिळते, परतताना उभंच राहावं लागतं, त्यामुळं पुस्तक एका हातात मावलं पाहिजे. वाचनालयात कपाटापुढं उभी राहिले की मी आधी जाडी बघते आणि मग नाव. हसू नका, करून बघा.

जूनमध्ये मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ पुन्हा काढली. पहिल्यांदा आठवीत वाचली तेव्हा त्यातला नववीतला मुकुंद जोशी माझ्यापेक्षा एक वर्ष पुढं होता, आता मी त्याच्या तीन वर्षं पुढं गेलेय. तेव्हा त्याला आवडणाऱ्या शिरोडकरच्या पानांसाठी बाकीची पानं भराभरा उलटली होती. या वेळी आणीबाणीकडं लक्ष गेलं. पोरं त्या अर्धवट इमारतीत बसून काहीबाही बोलत असतात आणि मोठी माणसं घरात आवाज खाली करून बोलतात. आठवीत हे मला दिसलंच नव्हतं.

‘एक होता कार्व्हर’ची नोंद यंदा नाही, पण सांगायचं म्हणजे माझ्याकडं आता त्याच्या तीन प्रती झाल्या. एक दहावीच्या बक्षिसात, एक वक्तृत्वाच्या, एक मामाकडून. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि तेव्हापासून प्रत्येक बक्षीस समारंभाला हजर असावं. पुस्तक चांगलंच आहे, शेंगदाण्यावर संशोधन करणाऱ्या कार्व्हरचं वाचून शेंगदाण्याकडं माणूस नंतर आदरानं बघतो. फक्त बक्षीस देणाऱ्यांनी कधीतरी दुसरं काही द्यावं.

जुलैत भालचंद्र नेमाड्यांचं ‘कोसला’ घेतलं आणि साठेक पानांवर सोडलं. सोडलेलं पुस्तक मी वहीत लाल शाईनं लिहिते. पांडुरंग सांगवीकर पुण्यात येऊन मेस, गॅदरिंग, उधारी यातच फिरत राहतो आणि मला बसमध्ये झोप येते, असं माझं तेव्हाचं मत. ते पुढं बदललं.

ऑगस्टात पहिल्यांदाच एक अख्खं इंग्रजी पुस्तक संपवलं, ऑर्वेलचं ‘अ‍ॅनिमल फार्म’. रोज चार पानं आणि मोबाईलवर शब्दकोश. जनावरांच्या राज्यातले भिंतीवरचे नियम रात्रीतून बदलायला लागले तिथून शब्दकोश उघडायचा राहूनच गेला. बॉक्सर घोड्याला नेतात ते पान एसटीत वाचलं आणि खिडकीकडं तोंड करून बसले.

आता मुख्य नोंद. सप्टेंबरमध्ये आज्जाचा मोतीबिंदू काढला. डोळ्याला पट्टी, रानात जायला बंदी, सारखी चिडचिड. टीव्ही बघायचा नाही म्हणून मी म्हटलं वाचून दाखवते. हाताशी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ होतं, धनगरांच्या वाडीवर शिकवायला गेलेल्या मास्तरची गोष्ट. पुस्तक १९५५चं, आणि लेखक आमच्याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे. मी ते नववीत एकदा वाचलं होतं आणि वहीत ‘छान, पण काही घडत नाही’ असं लिहून ठेवलं होतं. ती ओळ आता खोडावीशी वाटते, पण मी वहीत खोडत नाही.

जेवणं झाली की ओसरीवर रोज आठ-दहा पानं. आज्जानं लहानपणी मेंढरं राखलीत, त्यामुळं पहिल्याच रात्री त्यांनी वाचन ताब्यात घेतलं. मास्तर पहाटे एकटाच चालत वाडीला निघालाय एवढ्यावरच प्रश्न : “पायात काय हाय त्याच्या?” मला सांगता येईना. मास्तरला खोली मिळाली का, भाकरी कोण देतंय, मेंढरं कुणाच्या रानात बसवलीत, ही चौकशी रोजची. लेंड्यांचं खत मिळावं म्हणून शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात आणि त्याचा मोबदला देतात, हे मला ठाऊक होतं, पण त्यावर वाड्याचं, म्हणजे मेंढपाळांच्या तळाचं, निम्मं पोट चालायचं हे त्यांच्याकडून कळलं.

वाडीतल्या शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः औताच्या जुवाला लागते तो भाग आला. मी आवाज जरा जड करून वाचला. आज्जा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “सरळ तासाला चालंल गं. टोकाला आऊत फिरवायचं कसं? बैल आपला वळतोय, बाईला वढत न्हेनार की त्यो.” मी नववीत त्या पानावर ‘करुण’ असा शब्द लिहिला होता. तासाच्या, म्हणजे औताच्या ओळीच्या, टोकाला तिचं काय होत असेल हा विचार मला शिवलाही नव्हता.

तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो तेव्हा तर वाचन तासभर थांबलं. आमचा आटपाडी भाग औंध संस्थानात होता. औंधचे पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, आणि त्यांच्याच संस्थानात १९३९ साली आमच्या तालुक्यात स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली, जिथं कैदी भिंतीवाचून राहतात. ही माहिती माझी, पुस्तकी. आज्जाकडं त्यांच्या वडलांनी शाळेत घातलेल्या नमस्कारांची गोष्ट होती, ती दरवेळी थोडी वाढते.

शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. ती पानं वाचताना समोर शेजाऱ्यांची डाळिंबाची बाग होती, टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावरची. आज्जा म्हणाले, “पुढं वाच.” म्हटलं, संपलं. “आन् मास्तर?” म्हटलं, त्याची बदली झाली. “आरं तिच्या,” एवढंच.

सोळा रात्री लागल्या. आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. ऑक्टोबरात मी एकटीनं एसटीत तिसऱ्यांदा वाचलं, आज्जाचे प्रश्न मनात घेऊन. म्हणून तीन नोंदी. आता तुम्हीच सांगा, या तीन धरायच्या की एक? एका मैत्रिणीचं म्हणणं, पुन्हा वाचलेलं मोजणं म्हणजे लबाडी. मला पटत नाही. माझ्या मते मोजायला नको ती नववीतली पहिली खेप.

दिवाळीच्या सुट्टीत लाल शाईतलं ‘कोसला’ परत काढलं, या वेळी घरी, आडवं पडून. नेमाडे पंचविशीत होते तेव्हा, १९६३ साली, ते आलं. बसमध्ये नडलेली तीच उधारी आणि मेस आता खुदूखुदू हसवत होती, आणि धाकटी बहीण जाते तिथं मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन आले. नायक परीक्षेत नापास होऊन गावी परततो हे आईला मी सांगितलेलं नाही.

सध्या माडगूळकरांचंच ‘सत्तांतर’ चालू आहे. वानरांच्या टोळीतली सत्तेची झुंज, पुस्तक बारीक, एसटीला अगदी बेताचं. आज्जाला विचारलं तर म्हणाले, “वांडरांचं काय ऐकायचं? डाळिंबं खात्यात ती.” काल मात्र मी ओसरीवर मनात वाचत बसले होते, तर दहा मिनिटांनी म्हणाले, “व्हट हलवतीयास, तर जरा मोठ्यानं हलव.”

नवव्या पानावर आहोत. ‘कुठं वाचलं’ या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, एसटी आणि ओसरी दोन्ही मावत नाही.